सावळ्या चेहऱ्यावर मुरुमांचे खड्डे आहेत. इंदूरमध्ये लेझर करावं की मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं)?

आधी बोटाने त्वचा ताणून बघा. सपाट काळे डाग असतील तर सुया-लेझर काहीच नको. सनस्क्रीन आणि ॲझेलेइक ॲसिड (डाग फिकट करणारं क्रीम), काही महिने धीर.

खरे खड्डे असतील तर सावळ्या त्वचेला पहिली पसंती मायक्रोनीडलिंगची: साधारण 1.5 ते 2.5 मिमी खोली, 4-6 आठवड्यांच्या अंतराने 3 ते 6 बैठका. सुई वरचा थर भाजत नाही, म्हणून काळे पडण्याचा धोका कमी. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर जोरदार खरं, पण त्याच्या उष्णतेने रंगपेशी चिडतात आणि खड्डा भरता भरता डाग उरू शकतो. स्वस्त पॅकेजमध्ये हे लेझर गळ्यात मारलं जात नाही ना, सांभाळा.

ताणल्यावर पुसट होणारे, खालून ओढलेले खड्डे? सबसिजन, म्हणजे त्वचेखाली सुई घालून ओढणारे तंतू तोडणं. टोचल्यासारखे अरुंद, खोल? टीसीए क्रॉस, म्हणजे खड्ड्याच्या आत तीव्र आम्ल लावणं, फक्त अनुभवी हाताने. आम्ल कडेला सांडलं की काळं वलय.

चालू मुरुमांवर सुई फिरवू नये, संसर्ग पसरतो. आधी ते आटोक्यात आणा. घरचा डर्मारोलर (सुयांचा छोटा रोलर) तर नकोच.

बैठका थंडीत उरकलेल्या बऱ्या. रंगपंचमीच्या गेरीआधी (इंदूरची रंगांची मिरवणूक) पंधरवडाभर तरी काही करू नका. ताज्या त्वचेवर ऊन आणि गुलाल दोन्ही वाईट. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वर, आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) असेल तर उत्तम.