छंदाचं विचारा: पांगाऱ्याची गोल्डन ॲरो

प्रश्न: जुन्या रेकॉर्डवाल्या रेसिंग गाड्यांची मॉडेलं करायचं खूळ लागलंय. सध्या ब्रिटिश रेसर हेन्री सीग्रेव्हची वेगाचा रेकॉर्ड केलेली गाडी गोल्डन ॲरो १:२४ मध्ये (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाइतकी) पांगाऱ्याच्या लाकडात कोरतोय. पण नाक फोटोसारखं येत नाही, आणि जुलैत मारलेला सोनेरी लॅकर पांढुरका पडला. काय करू? (एक वाचक, देवगड)

उत्तर: पांगारा घेतलात ते बेस्ट, सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत आलीत, हलका आणि पटाशीला मऊ. नाकाचं म्हणाल तर बरेच जण ते नुसतं गोल करून मोकळे होतात आणि तिथेच घोळ होतो, कारण आत नेपियर लायन इंजिन होतं, बारा सिलिंडर पण चार-चारच्या तीन रांगांत, मधली उभी, बाजूच्या दोन तिरक्या, आणि बॉनेट त्यावर अगदी अंगाबरोबर बसवलेलं. म्हणून वर तीन उंचवटे आणि मध्ये दोन पन्हळी. त्या पन्हळी जमल्या की गाडी लगेच ओळखू येते, रंग नसला तरी! पुठ्ठ्याचे आडवे साचे कापा, लाकडावर टेकवून उजेडाकडे धरा, फट दिसेल तिथे अजून काम आहे. पन्हळीला गोल कानस, मग पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. चाकांमधले साइडचे लांब भाग वेगळे कोरून चिकटवा, तिथे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या बर्फाच्या पेट्या होत्या.

लॅकरचा दोष नाही, हवेचा आहे. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्याकडची दमट हवा त्यावर पाणी सोडते. पावसात कोरकाम करा, रंग दिवाळीनंतर, ऊन वर आल्यावर. आत्ताचा पांढुरका थर कोरड्या दिवशी थिनरचा हलका फवारा मारला की बहुतेक वेळा निघतो. आणि सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) खालच्या बाजूलाही लावा हो, ती कोणी बघत नाही पण ओल तिथूनच शिरते.

प्रश्न: मॉडेलखाली आमच्या किनाऱ्याची वाळू चालेल? (गुहागर)

उत्तर: चालेल की, सीग्रेव्हने ११ मार्च १९२९ ला ताशी ३७२ किमीचा रेकॉर्ड केला तोही डेटोना बीचच्या घट्ट वाळूवरच. फक्त गोड्या पाण्यात चार-पाचदा धुवून वाळवा, नाहीतर मीठ ओल धरतं, फेव्हिकॉल सुटतो, चाकांच्या पिना गंजतात. आणि मैद्याच्या चाळणीने चाळा, एक मिलिमीटरचा कण या मापात इंचभर खडी वाटतो. दुसरा ब्रिटिश रेसर माल्कम कॅम्पबेलची रेकॉर्डवाली गाडी ब्लूबर्ड करणार असाल तर वेगळं, १९३५ ला तिने ताशी ३०० मैल ओलांडले ते अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर. तिथे पीओपी वापरा. खरं मीठ पसरू नका, जूनमध्ये पाणी सुटेल.