‘पुंज-चेतना’ की आणखी काही? आणि भूल

प्रश्न असा आला आहे : “‘क्वांटम कॉन्शसनेस’ला मराठीत ‘पुंज-चेतना’ म्हणावं का? आणि मेंदूत असं खरंच काही घडतं, की नुसतं फॅड?”

‘पुंज’ नको. परिभाषावाल्यांनी क्वांटम मेकॅनिक्ससाठी ‘पुंजयामिकी’ रुजवली, ती विश्वकोशातही जाऊन बसली, म्हणून ती बरोबर ठरत नाही. पुंज म्हणजे ढीग, रास. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने १९०० साली मांडलं ते याच्या नेमकं उलट : ऊर्जेची देवघेव ठरावीक चिमटीनेच होते. लॅटिन ‘क्वांटम’चा अर्थ साधा, ‘केवढं?’ आणि त्यातला ‘क्व’ म्हणजे आपल्या किती, कोण, केवढा यांतला ‘क’च. तेव्हा ‘क्वांटम’ तसाच वापरा. फक्त शिबिरांच्या फलकांवर वापरतात तसा नको. परवा ‘क्वांटम चेतना जागृती (नाश्त्यासह)’ असा फलक पाहिला, तेव्हापासून डोकं फिरलं आहे.

आता यातली खरी गंमत. मेंदूतल्या क्वांटम घडामोडींतून जाणीव उमटते, ही कल्पना मांडणारे दोघं. एक गणिती, रॉजर पेनरोझ. (त्यांचं २०२०चं नोबेल कृष्णविवरांवरच्या कामासाठी होतं. हे फलकवाले सांगत नाहीत.) दुसरे ॲरिझोनातले स्टुअर्ट हॅमरॉफ. हे कोण? भूलतज्ज्ञ!

भूल. केवढा देखणा शब्द, आणि लोक ‘पेशंटला ॲनेस्थेशिया दिला’ म्हणत हिंडतात. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ धातूच्या जागी काय काय येतं ते एका दमात सांगतो : फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. फिट्ट म्हणजे आपलं फिटणं, चुक्क म्हणजे चुकणं, भुल्ल म्हणजे भुलणं. हिशेबाच्या कागदाखाली आपण ‘चूकभूल देणेघेणे’ लिहितो, त्यातली ही दोघं भावंडं हेमचंद्राच्या एकाच सूत्रात शेजारी बसली आहेत! ‘भूल’ला ‘भ्रम’वरून ओढून आणणारे विद्वान मला भेटतात. त्यांनी आधी म गिळून ल कुठून काढला ते सांगावं, मग बोलू. आणि हो, हेमचंद्र देतो तो ‘आदेश’, म्हणजे एकाच्या जागी दुसरा. भ्रंश् झिजून भुल्ल झाला असं तो म्हणत नाही. एवढं तरी वाचून भांडा.

भ्रंश म्हणजे जागेवरून घसरणं. भुलनवेलीवर पाय पडला की रानात वाट सापडत नाही म्हणतात, तीच ही भूल. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी मास्क लावून आकडे मोजायला सांगितले. सात आठवतो. आठ नाही. पुढचं एकदम घशातली खवखव आणि “काका, डोळे उघडा.” मधे सव्वा तास गेला होता म्हणे. झोपेत निदान वेळ गेल्याचं तरी कळतं. म्हणून ‘गुंगी’ नाही, ‘बेशुद्धी’ही नाही. माणूस वाटेवरून घसरतो, तीच भूल. हे माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

हॅमरॉफ यांचा प्रश्नही इथलाच. इथर, आयसोफ्लुरेन, झेनॉन : श्वासावाटे द्यायचे हे तिन्ही पदार्थ एकमेकांसारखे नाहीत, झेनॉन तर सहसा कुणाशी संयोगही करत नाही, तरी तिघांनीही भूल चढते. मग ते धक्का कुठे देतात? हॅमरॉफ यांचा संशय पेशींतल्या सूक्ष्मनलिकांवर (मायक्रोट्यूब्यूल्स). या नळ्या जेमतेम २५ नॅनोमीटर जाड. त्यांत क्वांटम अवस्था टिकतात आणि त्यांतून जाणीव उमटते, असं दोघांचं म्हणणं. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली हिशेब मांडला : मेंदूच्या ओल्या उबेत अशी अवस्था फार तर सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग टिकेल, आणि चेतापेशीचं (न्यूरॉनचं) काम चालतं मिलिसेकंदांत. हॅमरॉफ गटाने उलटा हिशेब देऊन तो काळ बराच लांबवला. २०२४मध्ये सूक्ष्मनलिका घट्ट करणारं औषध दिलेल्या उंदरांना आयसोफ्लुरेनची भूल मिनिटाहून थोडी अधिक उशिरा चढली. यातून भुलीचा आणि नळ्यांचा संबंध असावा एवढं दिसतं. नळ्यांत क्वांटम काही चालतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. फॅड म्हणणार नाही, पण पुरावा तोकडा आहे.

‘चेतना’चं राहिलंच. न्यूरॉनला आपण चेतापेशी म्हणून बसलो आहोत. मग ‘चेतापेशींतली क्वांटम चेतना’ लिहिलंत की वाचणारा तिथेच अडखळणार. ‘क्वांटम जाणीव’ लिहा.