आकृती माझी, पुस्तक त्यांचं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी कोथरूडला राहतो, बँकेतून निवृत्त झालो. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद कॉलेजपासूनचा. सोसायटीची वरची टाकी वाहू नये आणि खालची रिकामी झाली की मोटार आपोआप बंद व्हावी, म्हणून एक सर्किट केलं. आकृती, फोटो, कृती सगळं मराठीतून इंटरनेटवर टाकलं. कुणाच्या उपयोगी पडावं, एवढाच हेतू. मागच्या महिन्यात नातीची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो, तर डिप्लोमाच्या मुलांसाठीच्या प्रोजेक्टच्या पुस्तकात माझंच सर्किट! अक्षर माझं, फोटोत आमच्या गच्चीवरची तुळस. माझं नाव कुठेही नाही. प्रकाशकांना फोन केला, तर म्हणाले, "काका, नेटवर होतं, घेतलं. तुम्ही कुठे पैसे लावले होते?" घरचे म्हणतात, सोडून द्या. पण माझ्या पहिल्या आकृतीत रिलेच्या कॉइलवरचा डायोड दाखवायचा राहिला होता. बोर्डावर होता, कागदावर नव्हता. एका मुलाने कळवलं, तेव्हा मी आकृती दुरुस्त केली. पुस्तकात जुनीच छापली आहे. मी कोत्या मनाचा ठरतोय का?

उत्तर : अजिबात नाही. तुमचं पत्र वाचताना मी त्या डायोडपाशी थांबले. ३१ वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं, त्यामुळे तो न दाखवलेला डायोड मला तुमच्या तुळशीआधी दिसला.

ज्यांनी कधी सोल्डरिंग केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. रिले म्हणजे मोटार चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच; त्याच्या तारेच्या वेटोळ्याला कॉइल म्हणतात. कॉइलचा प्रवाह तुटतो, त्या क्षणी तिच्यात साठलेली ऊर्जा उलट्या झटक्याने बाहेर पडते. रिले १२ व्होल्टचा असला, तरी हा झटका क्षणभर त्याच्या कितीतरी पट होतो. कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टपर्यंतच सोसतो. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो; कॉइलवर उलटा जोडलेला १एन४००७ हा डायोड तो झटका जागच्या जागी जिरवतो. तपकीर गल्लीत चहाच्या पैशांत मूठभर येतात. तो नसला, तरी सर्किट पहिल्या दिवशी चालतं, तोंडी परीक्षेतही चालतं. पुढे कधीतरी ट्रान्झिस्टर जातो. तो शॉर्ट होऊन गेला, तर रिले चालूच राहतो आणि मोटार थांबत नाही. खालची टाकी कोरडी पडते, पंप तसाच फिरत राहतो आणि जळतो. पुस्तक वाचून ते सर्किट करणारा मुलगा बिचारा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून बसेल.

त्यांनी तुम्हाला एक फोन केला असता, तर तुमचं पहिलं वाक्य काय असतं? "अहो, ती जुनी आकृती आहे, नवी पाठवतो." परवानगी मागण्यात हेच तर होतं. ज्याने वस्तू केली, त्याला तिची खोड माहीत असते. न विचारता उचलणाऱ्याला आकृती मिळते, पण तिची खोड सांगणारा माणूस मिळत नाही. तुमच्या पानावर तुम्ही चूक एका संध्याकाळी दुरुस्त केलीत. छापलेल्या प्रतींपर्यंत तुमचा हात पोहोचत नाही, आणि वाचणाऱ्याला तुमचं नावही माहीत नाही, म्हणून तोही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आकृती, फोटो आणि मजकूर तिन्ही येतात. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पैसे न लावणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. कलम ५७ खाली तर कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क लेखकाकडे वेगळा राहतो, अगदी कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरी. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी वापरायची सूट कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याचं पान जसंच्या तसं छापून पुस्तक विकणं त्यात बसवणं मला तरी जमत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने नाही, तीही सांगते. पाण्यात तारा सोडून मोटार बंद करायची कल्पना तुमच्या मालकीची नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. प्रकाशकाने तेच काम करणारं सर्किट स्वतः जुळवून, स्वतः काढून, स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं, तर कायद्याने तुम्हाला फारसं काही करता आलं नसतं. इथे मात्र तुमचं हस्ताक्षर आहे. याहून चांगला पुरावा कोणता?

फोन पुरे झाला. आता स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. सोबत तुमचं मूळ पान आणि त्यांचं छापील पान, दोन्हींच्या प्रती शेजारी शेजारी जोडा. पहिली मागणी डायोडची करा. उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा, म्हणावं, हे उद्यापासून सुरू करता येईल. नाव आणि मोबदला त्याखाली लिहा, पण लिहा नक्की, संकोच करू नका. पुस्तक कुणी फुकट वाटत नाहीये. उत्तर आलं नाही, तर वकील गाठा. त्यापुढचं माझ्या आवाक्यातलं नाही.

अरविंद गुप्ता आपल्या पुण्यात, आयुकाच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करत होते. त्यांनी ती सगळी इंटरनेटवर मुक्त ठेवली. कुणीही बघावीत, करावीत. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण ते मोकळेपण त्यांनी स्वतः दिलं. तुमच्या वतीने ते दुसरा कुणी देऊ शकत नाही. तुम्हालाही द्यायचं असेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. 'नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका' असाही पर्याय त्यात मिळतो. फक्त एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा नीट वाचून निवडा.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर शाळेत विज्ञान शिकवते. नेटवरचे छोटे प्रयोग छापून मुलांना देते. प्रत्येकाला विचारत बसायचं का?

उत्तर : शिकवताना लागणाऱ्या प्रतींना कायद्याने सूट दिलेली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात तिचा अर्थ बराच मोकळा लावला. वर्गापुरतं बिनधास्त द्या. पण कागदावर करणाऱ्याचं नाव आणि पानाचा पत्ता लिहा, तो झेरॉक्समध्ये कापला जाणार नाही एवढा वर.

मी २००५ मध्ये प्रयोगशाळेच्या वहीत एका हौशी माणसाचं अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट घातलं होतं. नाव लिहिलं नाही, घाईत होते. दोन वर्षांनी एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे इतकं सुंदर कुणी केलं?" मी घरी येऊन शोधलं, तर ते पान निघून गेलेलं होतं. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही.