चार्जर लावला की होणारी घरघर आणि नव्या डॅकची निवड

तुमच्या मांडणीचे वर्णन वाचताच ओळख पटली. लॅपटॉपच्या यूएसबीतून लहानसा डॅक (डिजिटल आकड्यांचे आवाजाच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र), तेथून जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये वायर, आणि लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून सुरू होणारी घरघर. त्यावर दुकानदाराने 'वरच्या चिपचा' डॅक सुचवला आहे आणि तुम्ही विचारता आहात की पंधरा हजारांच्या आत ईएसएसची चिप घ्यावी की एकेएमची (या दोन डॅकच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या). माझ्या घरी काही वर्षांपूर्वी नेमकी हीच अवस्था होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी अभियंता नाही आणि माझे कान आता तरुण राहिलेले नाहीत, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

माझे स्पष्ट मत असे की तुम्ही चिपचा प्रश्न बाजूला ठेवावा. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधील नोबेओका येथे एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा तुटवडा पडला आणि अनेक कंपन्यांना आपली मॉडेले ईएसएसच्या चिपवर हलवावी लागली. बदल एवढा मोठा होता, पण माझ्या ऐकण्यात त्यामुळे फरक पडल्याचे मला तरी जाणवले नाही. सीडीच्या 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलची व्याप्ती, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, मावते. पंखा फिरत असलेल्या दिवाणखान्यात त्यातील तळाचा मोठा भाग ऐकूच येत नाही, आणि आज बाजारात मिळणारे मध्यम किमतीचे डॅकही या मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले आहेत. घरघर मात्र सर्वांना ऐकू येते, आणि ती चिपमधून येत नाही.

ती येते जोडणीतून. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असेल, तर त्याचे अर्थिंग यूएसबीच्या वायरीतून डॅकमध्ये आणि तेथून आरसीए वायरीच्या (डॅकमधून आवाज नेणाऱ्या वायरीच्या) बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचते. अ‍ॅम्प्लिफायरला दुसरीकडून वेगळे अर्थिंग मिळत असेल, तर दोन्ही अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे त्या वायरीतून प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकर तो इमानेइतबारे वाजवून दाखवतो. चार्जर दोन पिनांचा असेल, तर त्याच्या आतील कपॅसिटरमधून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह हेच काम करतो. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या त्याच्याच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे घरघरीत 50 आणि 100 हर्ट्झ हे दोन स्वर ठळक असतात. चित्रपटगीतात ते झाकून जातात. परंतु काळी एकच्या पट्टीत, जिथे षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झवर येतो, तिथे मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झवर असतो, आणि त्याच्या शेजारी 100 हर्ट्झची घरघर बसली की तानपुऱ्याची पंचमाची तार उतरल्यासारखी वाटू लागते. विलंबित ख्यालातील आलापीच्या वेळी तुम्हाला जी अस्वस्थता वाटते असे तुम्ही लिहिले आहे, तिचे कारण बहुधा हेच असावे.

आता माझ्या बाबतीत काय झाले ते सांगतो, कारण तुमचा दुकानदार तुम्हाला त्याच वाटेने नेतो आहे. माझा डॅक वॉरंटीत होता, म्हणून तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला. त्यांनी तो कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून, वर तपासणीचे शुल्क आकारून परत केला. त्यांच्या टेबलावर दोष आढळणार तरी कसा? तिथे डॅकला एक हेडफोन लावलेला होता. ना माझा अ‍ॅम्प्लिफायर होता, ना माझ्या घरातली वीज. अर्ज भरून घेताना वॉरंटीच्या कार्डावरील शिक्का, बिलाची झेरॉक्स, खोक्यावरचा क्रमांक हे सर्व त्यांनी बारकाईने पाहिले. फक्त 'या यंत्राला घरी आणखी काय काय जोडले आहे?' हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. मी पुन्हा तक्रार केल्यावर काउंटरवरील गृहस्थांनी त्याच कंपनीचे वरचे मॉडेल घेण्याचा सल्ला दिला, कारण म्हणे त्यात 'पॉवर सप्लाय चांगला' होता. ते मॉडेल घरी आले आणि घरघर जशीच्या तशी राहिली. त्यावर लेखी तक्रार केली, तिला आजतागायत उत्तर नाही.

उलगडा झाला तो केबलवाल्यामुळे. तो काही वेगळ्याच कामासाठी आला होता. त्याने सेट टॉप बॉक्सची गोल वायर काढली आणि त्याच क्षणी स्पीकर शांत झाले. टीव्हीचा आवाज स्पीकरवर यावा म्हणून मी सेट टॉप बॉक्सही त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता. केबलच्या वायरीचे अर्थिंग इमारतीत कुठेतरी दुसरीकडे झालेले असते, आणि लॅपटॉपच्या चार्जरचे घरातल्या प्लगमधून. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचे अर्थिंग नव्हते, तो केवळ या दोघांच्या मधला दुवा ठरला. दोन्हीपैकी कोणतेही एक काढले की आवाज बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहायला सांगितले असते, तरी हे पाच मिनिटांत कळले असते.

म्हणून आधी चाचणी करा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मग चार्जर लावून केबलची किंवा डिश अँटेनाची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून पाहा. कोणत्या वेळी घरघर थांबते ते लिहून ठेवा. चार्जरची अर्थिंगची पिन कापण्याचा किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावण्याचा सल्ला कोणी देईल, तो कृपया ऐकू नका. घरघर जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर धक्का तुम्हाला बसेल. प्लगमध्ये अर्थिंग खरोखर आहे का, हे मात्र वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे छिद्र पुष्कळदा शोभेपुरतेच असते.

आता निवडीविषयी. माझ्या मते तुमच्यासाठी पहिली अट एकच: डॅकला ऑप्टिकल इनपुट हवे. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या या टॉसलिंक जोडणीत प्लॅस्टिकच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच नसतो, त्यामुळे अर्थिंगचे हे चक्र तिथेच तुटते. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे आवाजाच्या सेकंदाला 96 हजार नोंदींपर्यंत) ती निर्धास्तपणे चालते. 192 किलोहर्ट्झ सर्वच उपकरणांत चालेल असे नाही, पण त्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. टॉपिंग कंपनीच्या ई30 या डॅकमध्ये यूएसबी, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल अशी तिन्ही इनपुटे आहेत. आयफायच्या झेन डॅक व्ही2 ला फक्त यूएसबी आहे. यंत्र चांगले आहे, पण तुमच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही. यूएसबीतला विजेचा थेट संबंध तोडणारे, बाजारात मिळणारे स्वस्त यूएसबी आयसोलेटर बहुधा 12 मेगाबिट वेगाचेच असतात आणि आजच्या बहुतेक डॅकना 480 मेगाबिटांचा वेग लागतो, त्यामुळे ते घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट नसेलच, तेव्हा ते कोठून आणायचे? इथे मी लॅपटॉपच काढून टाकण्याच्या बाजूचा आहे. विम मिनीसारखा छोटा स्ट्रीमर वाय-फायवरून गाणे स्वतः खेचतो आणि ऑप्टिकलमधून डॅककडे पाठवतो. फोन केवळ रिमोटचे काम करतो. ब्लूटूथप्रमाणे आवाज वाटेत पुन्हा दाबला जात नाही, आणि विंडोज किंवा अँड्रॉइडच्या मिक्सरमध्ये सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झचे 48 होण्याची भानगडही टळते. अँड्रॉइड 14 पासून यूएसबीवर मूळ आकडे जसेच्या तसे पाठवण्याची सोय आली आहे, पण ती अ‍ॅपनेही वापरावी लागते. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून गाणी ऐकण्याचा विचार असेल, तर बरेच टीव्ही सर्व काही 48 किलोहर्ट्झवरच बाहेर देतात, हे लक्षात ठेवावे. मला ते ऐकून ओळखता येत नाही. तुम्हाला येत असेल तर नशीबवान किंवा दुर्दैवी, जसे मानाल तसे.

स्ट्रीमर आणि डॅक एकाच डब्यात घेण्याचा मोह होईल. मी तो टाळतो. डॅक वर्षानुवर्षे चालतो, स्ट्रीमर मात्र दूरच्या कोणाच्या तरी सर्व्हरच्या मर्जीवर जगतो. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ हा आपला छोटा स्ट्रीमर 2019 मध्ये बंद केला, तरी लोक तो वापरतच राहिले; मार्च 2025 मध्ये त्यातील एका डिजिटल प्रमाणपत्राची (यंत्राची ओळख पटवणाऱ्या नोंदीची) मुदत संपली आणि चालू असलेली यंत्रे एका दिवसात अडून बसली. दुरुस्ती आली, पण अशा वेळी वेगळा डॅक असला की फक्त स्वस्त भाग बदलावा लागतो.

दुकानात तुलना करायला जाल, तर एक गोष्ट पाहा. फोनसोबत वापरायचे साधे डोंगल (फोनला लावायचा बोटाएवढा डॅक) बहुधा 1 व्होल्टच्या आसपास आउटपुट देते, तर टेबलावरचा डॅक 2 व्होल्ट. हा फरक 6 डेसिबलचा आहे, आणि जोरात वाजणारे यंत्र कानाला नेहमीच 'अधिक मोकळे' वाटते. दोन्हींचा आवाज सारखा करून मगच ऐकवण्याचा आग्रह धरा. परतीची मुदत किती दिवसांची आहे, आणि माल कंपनीच्या अधिकृत आयातदाराकडून आला आहे की परस्पर परदेशातून, हेही बिलावर लिहून घ्या. माझ्या अनुभवानंतर सर्व्हिस सेंटरवर माझा विश्वास नाही, पण दहा दिवसांत बिनशर्त परत घेणाऱ्या दुकानावर आहे.

अर्थात, खर्च करण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एकदा बॅटरी मारून पाहा. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ मॉडेलांना, उदाहरणार्थ यामाहाच्या ए-एस301 ला, ऑप्टिकल इनपुट आधीच असते. तुमच्याकडे तसे असेल तर डॅक घेऊच नका, नुसता स्ट्रीमर पुरे. तुम्ही मॉडेल लिहिलेले नाही; ते आणि वरच्या दोन चाचण्यांचे निकाल कळवलेत, तर नेमके काय घ्यावे ते सांगू शकेन.