मग माणूस गेल्यावर जातं काय?

तुमचा प्रश्न असा की आत्मा नाही म्हणता तर माणूस गेल्यावर जातं काय, पाच मिनिटांपूर्वीचंच शरीर असतं, हातपाय डोळे सगळं जागच्या जागी. आणि मरताना आत्म्याचं २१ ग्रॅम वजन कमी होतं म्हणतात, त्याचं काय.

आधी २१ ग्रॅम. मॅकडूगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९०७ मध्ये छापलेला प्रयोग आहे तो. मरणाऱ्या ६ पेशंटना खाटेसकट काट्यावर ठेवलं, हा आकडा एकाच पेशंटचा, बाकीच्यांचे त्याच्याशी जुळलेच नाहीत. त्याच्या कितीतरी शतकं आधी दीघनिकायात, म्हणजे बौद्धांच्या जुन्या पाली ग्रंथात, पायासी राजा येतो, तो एका चोराला जिवंतपणी तोलतो आणि मारून परत तोलतो, तर मेल्यावर वजन जास्त भरतं! माणूस क्रूर, पण प्रश्न अस्सल. चूक दोघांची एकच, दोघंही वस्तू शोधत होते.

भोवरा थांबतो, कलंडतो. लाकूड तेवढंच, खिळा तोच. फिरणं कुठे गेलं असं कोणी विचारत नाही, आणि फिरणं खोटं होतं असंही म्हणत नाही. आत्मा न मानणाऱ्या प्राचीन चार्वाकांचं म्हणणं याच अंगाचं, धान्यात नशा नसते पण आंबवलं की येते, तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य.

हे मला पुस्तकातून नाही, बाबांमुळे पटलं. स्ट्रोक मेंदूच्या डाव्या बाजूला झाला आणि वाचा गेली, चहा हवा असला तरी नुसते कपाकडे बघत बसायचे, शब्द ओठाशी येऊन अडायचा. आणि गणपतीत आरती सुरू झाली तर अख्खी म्हटली, एका हाताने मांडीवर ताल धरून, तिसऱ्या कडव्याला पट्टी चढवायची जुनी सवय पण तशीच. आरती संपली आणि परत गप्प. म्हणजे बोलण्याची वाट बुजली होती, गाण्याची शाबूत होती.

इथे लोक म्हणतात मेंदू फक्त रेडिओ आहे, स्टेशन दुसरीकडे. पण रेडिओ बिघडला तर खरखर येते हो, बातम्या देणाऱ्याचा स्वभाव नाही बदलत. आमचे बाबा जन्मात कोणासमोर रडले नाहीत ते नंतर सिरीयल बघून हुंदके द्यायचे. जो भाग "खरे बाबा" म्हणावा तोच रक्ताच्या एका गुठळीने बदलला होता.

म्हणून माझी व्याख्या अशी, की आत्मा म्हणजे जिवंत शरीर आणि दीडेक किलोचा मेंदू मिळून आयुष्यभर जे एक खास काम चालवतात ते, त्यात आठवणी आल्या, हातच्या सवयी आल्या, कोणाबद्दल माया, कशाची लाज, सगळं आलं. हे "नुसतं" भौतिक आहे असं म्हणू नका, त्या नुसतंला माझा आक्षेप आहे, कारण असं काम पुन्हा कुठे जुळून येत नाही.

तर गेलं काय? आमच्या घरातून कपाकडे बघत बसणं गेलं, आणि तिसऱ्या कडव्याला चढणारी ती पट्टी गेली.