एमबीबीएस आणि नर्सिंगच्या मुलांना एकाच हॉलमध्ये बसवलं की ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ झालं का?

नाही, नुसतं शेजारी बसून लेक्चर ऐकणं म्हणजे ते नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं असतं. लेक्चरमध्ये फार तर ‘सोबत’ साधतं; ‘एकमेकांकडून’ वॉर्डात घडतं. इन्सुलिन लिहून दिलंय, पण पेशंटचं ताट तसंच झाकलेलं आहे, म्हणजे तो जेवलेलाच नाही (आणि न जेवता इन्सुलिन दिलं तर साखर फार खाली जाऊ शकते), हे नर्सिंगच्या मुलीला आधी दिसतं. मग डोस द्यायचा की थांबायचं, यावर तिने आणि एमबीबीएसच्या मुलाने मिळून डोकं लावायचं आणि सिनियरला विचारायचं. मेंटॉरने तिथे लगेच उत्तर देऊन टाकू नये (आपल्या सरांना नेमकं हेच जमत नाही!). अर्थात, पहिल्या वर्षाला सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचे तातडीचे उपचार) एकत्र शिकवलं तरी सुरुवात म्हणून चालेल, फक्त एकमेकांची कामं आलटून पालटून करायला लावा.