लाल विटांची गोदामं बघायला जावं का?

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी योकोहामाला असतो, एप्रिलमध्ये आम्ही दोघं जातोय. बंदरावरची लाल विटांची जुनी गोदामं बघायलाच हवीत असं तो म्हणतो, पण आत नुसती दुकानं आणि रेस्टॉरंट आहेत म्हणे. मग मॉलच झाला ना तो? माझे गुडघे दुखतात, शिवाय आम्ही शाकाहारी.
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, जाच. फक्त टॅक्सीने थेट दारात उतरू नका एवढं माझं ऐका. साकुरागिचो स्टेशनला उतरा आणि किशामिचीवरून चालत जा, किशामिची म्हणजे आगगाडीची वाट, पूर्वी बंदरात मालगाड्या जायच्या त्याच मार्गावर 1997 साली ही पायवाट केली आणि रूळ पायाखाली तसेच ठेवलेत. वाट सपाट आहे, दोन्हीकडे पाणी, स्टेशनपासून गोदामापर्यंत पंधरा-वीस मिनिटं, रमतगमत गेलात तर गुडघे कुरकुरणार नाहीत. माल ज्या वाटेने यायचा त्याच वाटेने आपण पोचतो, मग समोर दिसतं ते मॉल वाटतच नाही.

इमारती दोन. 2 नंबरची आधी झाली, 1911 ला, आणि 1 नंबरची 1913 ला. कस्टमची गोदामं ही, 1989 पर्यंत त्याच कामाला होती, मग ओस पडली, शेवटी योकोहामा शहराने ती घेतली, डागडुजी केली आणि 2002 ला लोकांसाठी उघडली. दुकानं, खाणंपिणं मुख्यतः 2 नंबरमध्ये, 1 नंबरमध्ये प्रदर्शनं आणि कार्यक्रमांचे हॉल आहेत.

आत गेलात की दुकानांच्या मधेमधे जुने जाड लोखंडी दरवाजे दिसतील, त्यांना हात लावून बघा, थंडगार लागतात. मग बाहेर मधल्या चौकात येऊन दोन्ही इमारतींची लांबी बघा. 2 नंबर जवळजवळ 150 मीटर आणि 1 नंबर त्याच्या निम्मीच, कारण 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात तिचा मोठा भाग कोसळला. भिंतींच्या विटांमध्ये लोखंड घातलेलं होतं तरीही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, कॉफी पिऊन, दोन वस्तू घेऊन परत आले, त्याची चुटपुट अजून आहे.

खाण्याचं सांगायचं तर भाजीचं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा दाशीचं असतं, म्हणजे त्यात सुक्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे मुलाला जपानीतून नीट विचारायला सांगा आणि पर्समध्ये दशम्या असू द्या.

आणि तिथून तसंच किनाऱ्याने यामाशिता पार्कपर्यंत जा, हे मात्र चुकवू नका. त्या भूकंपात तिथले भारतीय व्यापारीही उघड्यावर आले होते, तेव्हा योकोहामाच्या लोकांनी त्यांना आधार दिला, म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी 1939 मध्ये शहराला एक पाणपोई बांधून दिली, घुमटाची, आपल्याकडच्या एखाद्या छत्रीसारखी. आत उभं राहून मान वर करा, छतावरचं मोझेक फार सुंदर आहे. पुढे 1965 ला मुंबई आणि योकोहामा भगिनी शहरंही झाली, पण मला ती पाणपोईच जास्त जवळची वाटते. मुलालाही सोबत न्या, रोज तिथून जात असला तरी त्याला ती कुणी दाखवली नसेल.